एकाच माणसासाठी केलेला व्हिडिओ

भिवंडीला जाऊन आले म्हटलं की आमच्या जतला पहिला प्रश्न येतो, "काय कापड आणलंस?" दुसरा येतो, "कोण नोकरीला आहे तिकडं?" मी एक वर्ग बघायला गेले होते असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विषय बदलतो. भिवंडी हे काही बघायला जायचं गाव नव्हे, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. मीही तसंच समजत होते. आता जो भेटेल त्याला तिथलं सांगत सुटले आहे, आणि सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी माझ्याबद्दल. माझे वडील पाटे-वरवंटे घडवायचे आणि बाजारोबाजारी विकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही. मी चढले, एम.ए. झाले, आता ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. हे मी पहिल्या ओळखीतच सांगते, त्यात लाजायचं काही नाही आणि मिरवायला मला आवडतं. तर अशा बाईला, जिने अक्षर न् अक्षर कष्टाने मिळवलं, तिला जुनी मैत्रीण फोनवर सांगते की "मी लेखनाच्या तासाला मुलांकडून व्हिडिओ करून घेते," तेव्हा काय वाटेल? मला राग आला.

ही मैत्रीण म्हणजे मीनल म्हात्रे. बी.एड.ला माझ्या शेजारच्या बाकावर असायची. भिवंडीच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनकौशल्य शिकवते.

"मग मुलं लिहितात कधी?" मी विचारलं.

"येऊन बघ."

"मीनल, मोबाईल हातात दिला की पेन गेलं."

"येऊन बघ म्हटलं ना. आणि येताना डाळिंबं आण, इकडे मिळतात ती नुसती दिसायला लाल."

दिवाळीची सुट्टी आमच्याकडे अजून शिल्लक होती, तिच्याकडे कॉलेज सुरू झालं होतं. डाळिंबाची पिशवी घेतली आणि निघाले.

टेमघर, सोमवार

मीनल टेमघरला राहते. कल्याण रोडवरून आत वळलं की तिची इमारत, इमारतीच्या मागे पत्र्याच्या छपराची लांबच लांब शेड, आणि शेडमध्ये लूम, म्हणजे यंत्रमाग. मी रात्रीच येऊन पडले होते. झोपेत मला सारखं वाटत होतं की घरामागे मळणीचं मशीन लावलंय आणि कोणीतरी ते बंद करायला विसरलंय.

सकाळी मीनलने विचारलं, "झोप लागली ना?"

"मागे एवढा आवाज आहे, झोप कसली?"

"तो होय," ती म्हणाली. "तो बंद पडला की आम्हाला जाग येते. लाईट गेली म्हणून समजायचं."

न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडं सकाळी शिळी भाकरी आणि दही, फार तर शेंगदाण्याची चटणी. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. पांढरी, मऊ, कागदासारखी घडी पडणारी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती आजाऱ्याचं जेवण वाटते. तिसरी खाल्ल्यावर तसं वाटेनासं झालं.

कॉलेजच्या वाटेवर मीनलच्या स्कूटरच्या मागे बसून मी गाव बघत होते. मेट्रोचे अर्धवट खांब, त्यांच्या मधून तागे लादलेल्या हातगाड्या, टेम्पो, बुरखा घातलेल्या मुली, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांचं एकमेकांशी हिंदी-मराठी एकत्र. रिक्षावाला मीनलला म्हणाला, "मॅडम, साईड द्या ना, ड्युटी का टाइम है." एका वाक्यात तीन भाषा, आणि तिघींनाही बरं वाटावं असं.

वर्ग गच्च भरलेला. फळ्यावर मीनलने तीन ओळी लिहून ठेवलेल्या होत्या, आणि मला नंतर कळलं की त्या ती जूनपासून पुसूच देत नाही:

कोण बघणार?
कुठे बसून बघणार?
बघून झाल्यावर काय करणार?

तिचा नियम साधा. प्रत्येक गटाने एक व्हिडिओ करायचा, पण तो एकाच माणसासाठी. त्या माणसाला नाव पाहिजे. "सगळ्यांसाठी आहे मॅडम" असं कोणी म्हटलं, की ती दरवाज्याकडे बोट करते. "जा, बाहेर जाऊन सगळ्यांना शोधून आण." मग तो पोरगा हसत जातो आणि एका माणसाचं नाव घेऊन परत येतो. कोणी गल्लीत पाणी सोडणाऱ्या माणसासाठी केला होता, कोणी डोळ्यांचं ऑपरेशन टाळणाऱ्या नानीसाठी. व्हिडिओ त्या माणसाला खरोखर दाखवायचा, आणि जे दाखवता येत नाही ते मग कागदावर लिहायचं.

मला वर्गात बसल्या बसल्या माझी मुलं आठवली. 'प्रति, माननीय' हे ती सुरेख अक्षरात लिहितात. हा माननीय कोण, तो कुठे बसतो, त्याला काय टोचतं, याचा विचार त्यांनी कधी केलेला नाही. मी तरी कुठे करायला लावला? आणि वडीलही आठवले. नव्या सुनेच्या दारात ते पाट्याची नक्षी दाखवायचे, सासूच्या दारात त्याचं वजन. तेव्हा ती मला नुसती विक्री वाटायची.

पहिला व्हिडिओ

त्या दिवशी वनिता वाघेच्या गटाची पाळी होती. वनिता वडप्याजवळच्या पाड्यावरची, कातकरी घरातली. त्या पाड्यावरून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. तिच्याकडे बघून मला काय वाटलं ते वेगळं सांगायला नको.

तिचा प्रश्न असा. वडपे म्हणजे नाशिक हायवेवरचं गाव, आता गोदामांचं. पाडा आणि मोठा रस्ता यांच्या मध्ये पूर्वी शेतं होती. आता दोन मोठ्या गोदामांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी एक जुनी वाट तेवढी उरली आहे. बायका त्याच वाटेने गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जातात, मुलं शाळेला जातात, वनिता कॉलेजला येते. जागा बाळारामशेठ यांची. शेठ आता तिथे कंपाउंडची भिंत घालणार होते, चुन्याच्या फक्कीची रेघसुद्धा मारून झाली होती. भिंत झाली की हायवेच्या कडेने, कंटेनरच्या चाकांना खेटून वळसा घालायचा. वनिताच्या आईने सांगून टाकलं होतं, भिंत उभी राहिली की कॉलेज बंद. हायवेवरून मी तुला रोज पाठवणार नाही.

व्हिडिओ सुरू झाला. रडकं संगीत. दप्तर घेतलेलं एक लहान पोर हायवेवरून जातंय, कंटेनर जवळून सुटतोय. मग गोदामाचा बोर्ड, शेठचं नाव अगदी जवळून. वनिता काहीतरी बोलत होती. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: 'आम्हाला न्याय द्या.' वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मीनलने मला विचारलं, "कसा वाटला?"

"चित्रं चांगली आहेत," मी म्हटलं, "पण ती काय बोलते ते मला एक अक्षर कळलं नाही. मागे सारखी खडखड कसली आहे?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला, जणू मी बहिरी आहे. व्हिडिओ जोडणारा मुलगा होता इम्रान. बारीक, केसांना तेल, बोलायला पुढे. तो म्हणाला, "कौनसा आवाज, मॅडम?"

मीनल हसायलाच लागली. मग कळलं ते असं. वनिताचा आवाज इम्रानच्या घरी रेकॉर्ड केला होता. खाली लूम, वर घर. त्याने खिडकी लावली, दार लावलं आणि त्याच्या मते खोलीत शांतता झाली. अर्धा वर्ग लूमवाल्यांच्या घरातला. त्यांना वनिताचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं होतं, ती खडखड त्यांच्या कानांत शिरतच नव्हती.

वनिता हळूच म्हणाली, "मला पण नव्हतं कळत, मॅडम. मला वाटलं माझाच आवाज बारीक आहे."

"बोलली का नाहीस मग?" इम्रान म्हणाला.

"सगळे टाळ्या वाजवत होते."

मीनलने फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीवर खडू आपटला. "बरं, आवाजाचं राहू दे. हे बघून शेठने काय करायचं?"

"न्याय द्यायचा."

"न्याय म्हणजे किती फूट?"

वर्ग हसला. वनिता हसली नाही.

"तू शेठ आहेस," मीनल म्हणाली. "खुर्चीत बसलीस, व्हिडिओ बघितलास, फोन खाली ठेवलास. आता काय करशील?"

वनिता खरंच खुर्चीत बसली. पाय पसरले, एक हात मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मला राग येईल."

"कोणाचा?"

"वनिताचा."

"आने दो ना गुस्सा," इम्रान म्हणाला. "मी अपलोड करतो. एक दिन में पूरा भिवंडी बघेल. मग शेठ काय करेल?"

"भिंत अजून दोन फूट उंच करेल," वनिता खुर्चीतूनच म्हणाली. ती अजून शेठच होती.

मी वीस-पंचवीस व्याख्यानं ऐकली असतील वाचक, लेखक आणि आशय यांच्यावर. एका मुलीने खुर्चीत बसून पाय पसरले, आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त कळलं.

वडपे, मंगळवार

मीनल घरचा अभ्यास देते तो चालायचा असतो. बघणारा माणूस कुठे बसतो ते आधी बघून यायचं. वनिता, इम्रान, मीनल आणि मी, अशी चौघं वडप्याला गेलो.

त्या वाटेने आम्ही आधी पाड्यावर गेलो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या निळ्या भिंती, आभाळाला टेकलेल्या, आणि मध्ये ही मातीची वाट. पायाखाली इतकी घट्ट झालेली की त्यावर चप्पल वाजते. फक्कीची पांढरी रेघ तिला आडवी गेली होती. वनिता ती ओलांडताना पाय जरा उंच उचलायची. सवय झाली होती वाटतं.

तिच्या आईने, सोनीबाईंनी, आम्हाला उकडलेले करांदे दिले. डोंगरातला कंद, दिसायला बटाट्याचा खडबडीत भाऊ. मी सालासकट तोंडात टाकला आणि कडू झालेलं तोंड लपवायचा प्रयत्न केला.

"बाय, साल काडून खातात त्यो," सोनीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. सोलून मिठाबरोबर खाल्ला तेव्हा मात्र हात थांबेना. शेवटी जिभेवर थोडा कडवटपणा राहतो, तोच चांगला लागतो.

मीनलने शेठचा विषय काढला. मला वाटलं बाई आता शिव्या देतील.

"वाईट मानूस न्हाय त्यो," सोनीबाई म्हणाल्या. "त्याच्या घरात दरसाल करांदे मीच नेतंय. त्याची बायको, काकी, वाट बगत असते. उशीर झाला तर इचारते, सोने, यंदा डोंगर रुसला काय?"

वनिता करांदा सोलायची थांबली. "आई, तू कुठून जातेस त्यांच्याकडे?"

"कुठून म्हंजे? ह्याच वाटंनं. मागल्या दारी. दुसरी कंची वाट हाय?"

वनिताने इम्रानकडे बघितलं. इम्रानने फोन खिशातून काढला आणि परत ठेवला.

परत येताना मी हट्ट केला की मला तो हायवेचा वळसा चालून बघायचाय. बघितला. एक कंटेनर भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने मी कडेच्या गटारात एक पाय घातला. पाय निघाला, चप्पल निघाली, पण चपलेचा पट्टा तुटला. एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी लंगडत पुढे, आणि समोर शेठचा वजनकाटा.

वजनकाटा म्हणजे ट्रक उभा करून वजन करायची जागा. बाजूला पत्र्याची केबिन, केबिनबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाळारामशेठ. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, चेहरा मात्र उन्हात राबलेल्या माणसाचा. वनिता आणि इम्रान चहाच्या टपरीवर थांबले. मी आणि मीनल पुढे गेलो.

"चपलेला काय झाला, मॅडम?" शेठनीच विचारलं.

मी सांगितलं.

"कंटेनरच्या बाजूनं चालाचा न्हाय, बाय," ते म्हणाले. "ती मानसांची चालाची जागा न्हाय." आणि स्वतः उठून, खोक्यांना बांधतात ती पिवळी पट्टी आणून त्यांनी माझी चप्पल बांधून दिली. गाठ अशी मारली की मी त्याच चपलेने जतपर्यंत आले. मीनलने माझा हात एवढा घट्ट दाबला की दुखला. बोलायची पाळी आमची नव्हती.

खुर्चीत बसून शेठ परत फोन बघायला लागले. बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ, एकामागून एक. आवाज बंद. ट्रक येत होते, भोंगे वाजत होते, काट्यावरचा पोऱ्या ओरडून आकडे सांगत होता. इथे आवाज चालू ठेवून तरी काय ऐकणार?

टपरीवर परत आल्यावर हे सांगितलं, तर इम्रानने चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे वनिता बोलली काय, न बोलली काय, सेम. मॅडम, मग आवाज पाहिजेच कशाला? आमच्या कारखान्यात कोण बोलतं तोंडाने?"

दुसरा व्हिडिओ

बुधवारी इम्रानच्या घरी गेलो. खालच्या लूममध्ये त्याचे वडील ड्युटीवर होते. मागांच्या दोन ओळींमध्ये उभे राहून ते लांबच्या कारागिराशी हातांनी बोलत होते. ओठांकडे चिमटी नेली की चहा. मिशीला पीळ दिला की मालक येतोय. दोन बोटं फिरवली की कांडी संपली, म्हणजे सुताची गुंडाळी संपली. इम्रान मला एकेक सांगत होता आणि त्याचे वडील लांबून बघून हसत होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, कपाळाला हात लावला आणि पुस्तक उघडल्यासारखे तळवे उघडले.

"काय म्हणाले?"

"बोलले, मास्तरीण आहे का? शकल से मालूम पडता है."

व्हिडिओ वनिता आणि इम्रानने त्याच दिवशी, पहाटेपासून, नव्याने केला. काकींकडे जायला वनिता घाबरत होती. सोनीबाई तिला घेऊन गेल्या. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हातांचा काय तो काढ. तोंड नको दाकवूस गो माझा. आमचं मानूस दिसभर तोंड फिरवून बसेल."

मग मीनलने वनिताला लिहायला बसवलं. दिवाळीआधी तिने एक अर्ज लिहिला होता, तो मला दाखवला. उपरोक्त विषयास अनुसरून, सदर रस्ता, तीव्र गैरसोय, कार्यवाही व्हावी. माझ्या कुठल्याही पेपरात त्याला चांगले मार्क पडले असते. आता मीनल एवढंच म्हणाली, "व्हिडिओत जे दिसत नाही, तेवढंच लिही." वनिताने खूप वेळ घेतला. चार कागद चुरगाळले. पाचव्यावर लिहिलं:

"काका, भिंत घाला. वाटेवर फाटक ठेवा. कडी अशी बसवा की तुमच्या बाजूने निघेल आणि आमच्याही बाजूने निघेल. वनिता, सोनीची मुलगी."

ना विषय, ना संदर्भ, ना आपली विश्वासू. मी तो कागद दोनदा वाचला आणि त्यात लाल पेन चालवायला मला जागा सापडली नाही.

काटा, गुरुवार

शेठ खुर्चीतच होते. मला बघून आधी माझ्या पायांकडे बघितलं. "टिकली ना गाठ?"

"टिकली."

वनिता पुढे झाली. फोन इम्रानने धरला होता. शेठनी तो त्याच्या हातातून घेतला.

आवाज नव्हताच. पहाटेचा उजेड. मातीच्या वाटेवर पाय, नुसते पाय. शिफ्टला निघालेल्या बायकांचे, शाळेच्या मुलांचे, एका म्हाताऱ्याचे काठीसकट. कोणाचंच तोंड दिसत नाही. मग एका बाईचे पाय, बाजूने हलणारी पाटीची सावली. हे पाय पांढरी रेघ ओलांडतात. निळ्या भिंतींच्या मधून जातात. एक मागचं अंगण, तुळस, धुतलेली भांडी पालथी घातलेली. पाटी खाली येते. करांदे. आणि दाराच्या आतून बांगडी घातलेले दोन हात येतात आणि ते ओंजळीत घेतात. बस्स, एवढाच.

शेठनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. बोटाने मागे सरकवून हात पुन्हा बघितले.

"ही बांगरी मी वलखतंय," ते म्हणाले. "हे आमच्या घरातले हात हाईत."

काट्यावर एक ट्रक चढला.

"तिना सांगितला तुला ह्यो करायला?"

"नाही काका. मी मागितलं, त्यांनी हात दिले."

शेठनी वनिताकडे नीट बघितलं. मग इम्रानकडे. मग आम्हा दोघींकडे, आणि त्या बघण्याची मला पहिल्यांदा जरा भीती वाटली.

"कुनाकुनाला पाठवलास ह्यो?"

"कोणालाच नाही," वनिता म्हणाली. "तुमच्यासाठीच केलाय."

"खरा?"

"कसम से," इम्रान म्हणाला. "तुम्ही बोलाल तर तुमच्यासमोर डिलीट करतो."

"डिलीट कशाला? मना पाठव. घरात दाकवाचा हाय."

वनिताने कागद पुढे केला. शेठनी खिशातून चष्मा काढला आणि ओठ हलवत वाचला. "दोन्हीकरून कडी?"

"हो."

"आन् चोर आला मंग?"

"चोर कडी बघत बसत नाही, काका."

शेठ हसले नाहीत. कागदाची घडी केली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. "भिंत माझी हाय. मी बगीन काय तो. जावा आता, गारी आली काट्यावर."

परतीच्या वाटेवर वनिता भराभर पुढे चालत होती. इम्रान म्हणाला, "हो बोलला की ना बोलला? अपलोड करायलाच पाहिजे होतं."

"थांब जरा," वनिता म्हणाली. "तो कागद त्यांनी फेकला नाही."

जत

शुक्रवारी मी निघाले. मीनलने सुका जवळा बांधून दिला, त्याचा वास गाडीभर झाला आणि शेजारच्या बाईने सांगलीपर्यंत माझ्याकडे पाठ केली. घरी सगळ्यांनी विचारलं, कापड कुठाय? मी सोनीबाईंनी दिलेले करांदे दाखवले. सालासकट खाऊ नका, असंही सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्याच तासाला मी मुलांना 'प्रति, माननीय' खोडायला लावलं आणि विचारलं, हा माणूस कोण, कुठे बसतो? एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" आहे, म्हटलं. लगेच सगळे विचार करायला लागले. मुलं सगळीकडे सारखीच.

पण खरं सांगायचं तर माझं लक्ष फोनकडे असायचं. मीनलला विचारायचा धीर होत नव्हता. भिंतीचं काम सुरू झालं एवढंच तिने कळवलं होतं. वनिता तासाला येते का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग एका दुपारी, स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तेव्हा अनोळखी नंबरावरून व्हिडिओ आला.

भिंत छातीएवढी झालेली, विटा अजून उघड्या. मध्ये लोखंडी फाटक, नवा लाल रंग. पाड्याच्या बाजूने एक हात येतो, कडी सरकवतो, फाटक उघडतं. कॅमेरा पलीकडे जातो, फाटक लागतं. आता तोच हात पलीकडच्या बाजूने येतो, कडी सरकवतो, आणि फाटक पुन्हा उघडतं. मग कॅमेरा खाली येतो. वनिताचे पाय, आणि खांद्यावरून लोंबणारा कॉलेजच्या बॅगेचा पट्टा. पाय चालायला लागतात.

स्टाफरूममध्ये गलका होता. मी आवाज वाढवलाच नाही, त्याची गरज नव्हती.

खाली तिने लिहिलं होतं: "मॅडम, हा तुमच्यासाठी केलाय. पुढच्या वेळी या वाटेनेच या. चप्पल तुटणार नाही."